बन्सीधरचा टॉप शॉट

माझा मेव्हणा बन्सीधर जन्मापासून हवेतच असतो. ड्रोन त्याच्या हातात आला तो फार उशिरा, आणि तो आल्यामुळे बन्सीधरमध्ये काही फरक पडला असं मला तरी वाटत नाही. आधी एकटा हवेत असायचा, आता सोबत मिळाली.

मी दत्तराव. रेल्वेत गार्ड होतो. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून उभी हयात काढली आणि रिटायर झाल्यावर पूर्णेतच घर बांधून राहिलो. गार्डाचं काम म्हणजे मागे बघणं. गाडी सगळी आली का, एखादा डबा मागे तर सुटला नाही ना, हे बघितल्याशिवाय मला अजूनही चैन पडत नाही. बाजारातून येताना सुद्धा मी मागे वळून बघतो आणि बायको हसते. अशा माणसाच्या नशिबी मेव्हणा यावा कसा, तर ज्याला मान मागे वळवण्यात कमीपणा वाटतो असा.

बन्सीधर चुडाव्याचा. माझ्या बायकोचा, कोकिळेचा, एकुलता एक धाकटा भाऊ. रान आहे, बरं आहे, पण ते बटईने दिलेलं, कारण मातीत उभं राहायला याला वेळ नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे, तरी अंगात खिसेच खिसे असलेलं बिनबाह्यांचं जाकीट. परभणीच्या मे महिन्यात माणूस अंगातला बनियनसुद्धा काढून ठेवतो, तिथे हा जाकीट घालून हिंडतो. विचारलं तर म्हणतो, "दाजी, डायरेक्टर लोक असंच घालतेत." त्या खिशांत काय असतं ते मी एकदा बघून घेतलं. एकात तंबाखू, एकात चुना, आणि बाकीच्या सगळ्यांत स्वतःची व्हिजिटिंग कार्डं.

ड्रोनच्या आधी इमू होते. इमू म्हणजे शहामृगाच्या चुलतभावासारखा एक लांबमान्या पक्षी. ते पाळायचं वारं आलं तेव्हा भल्याभल्यांची डोकी फिरली होती हे मी मान्य करतो, पण त्यांची पुढे ताळ्यावर आली. याने मात्र इमूंवर भाषणं दिली. चुडाव्याच्या पारावर बसून इमूच्या तेलाने सांधे कसे सुटतात ते सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांचे सांधे धडधाकट होते. माझ्या सासूबाई, धुरपताबाई, गेल्या त्या दिवशी त्यातला एक इमू जाळी तोडून पळाला. तिरडी बांधून तयार, माणसं खोळंबलेली, आणि एकुलता एक मुलगा हातात दोरी घेऊन रुळांपलीकडे इमूच्या मागे धावतोय. शेवटी पुढे मडकं धरलं ते चुलतभावाने. बन्सीधर स्मशानात पोचला तेव्हा लोक परत निघाले होते. इमूही सापडला नाही.

मी त्या दिवशी त्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. कोकिळा मात्र एवढंच म्हणाली, "येडा हाय तो. मनानं वाईट न्हाई." माझं मत वेगळं आहे. मनाने वाईट माणूस परवडतो, त्याच्यापासून सावध तरी राहता येतं.

इमू गेले, मग मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं आणि गेलं, मग ड्रोन आला. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांत हा शिरला आणि बघता बघता त्यांच्याही डोक्यावर जाऊन बसला. वरात, परण्या, घोड्यावरचा नवरदेव, हे सगळं वरून काढायचा. तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण लोकांनी माना वर करून टाळ्या वाजवल्या, आणि टाळी ऐकली की बन्सीधरची अक्कल गहाण पडते. एक दिवस आमच्या घरी येऊन त्याने जाहीर केलं, "मोकळ्या रानात कुणीबी उडवतंय, दाजी. खरी कला बंद जागेत हाय. हॉलमधी, खांबामधून, झुंबराच्या खालून. अख्ख्या परभणी जिल्ह्यात मी एकटाच हाय."

"एकटाच कसा? बाकीच्यांना अक्कल असंल," मी म्हणालो.

त्याला टोमणे लागत नाहीत, ही त्याची आणखी एक वाईट खोड. त्याने आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर ड्रोन ठेवला आणि मला शिकवायला सुरुवात केली. मोबाइलवर बघून नियम मात्र घडाघडा पाठ केले होते. "हे बघा दाजी, घरात उपग्रह दिसत न्हाई. मंग ड्रोन थांबतंय कसं? त्याच्या पोटाला डोळे हायत. ते खालची जमीन बघतंय आन जागेवर थांबतंय. म्हणून उजेड लागतोय. अंधार झाला की आंधळं हुतंय अन् वाट्टंल तिकडं सरकतंय. पात्यांना जाळी लावायची. छताच्या लय जवळ न्यायचं न्हाई, छत वर ओढून घेतंय. माणसाच्या डोक्यावर कधीच न्यायचं न्हाई. आन पंखा बंद पाहिजे."

हे बोलता बोलता त्याने ड्रोन उचलला होता. मी पंख्याकडे बोट दाखवेपर्यंत उशीर झाला, कारण पंखा फुल्ल चालू होता. वाऱ्याने ड्रोन एकदम तिरका झाला, बन्सीधरने घाबरून रिमोटवरची काडी उलटी ढकलली, आणि मला निरोप समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. काच फुटली. ड्रोन सतरंजीवर उलटा पडून किडा उताणा पडल्यासारखा भणभणत राहिला.

"बघितलं?" बन्सीधर म्हणाला, "म्हणून म्हणायलो, पंखा बंद पाहिजे."

असा माणूस. नियम त्याच्या तोंडात असतात, हातापर्यंत उतरत नाहीत. चारठाण्याला कुणा जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग होतं, तिथे एका जुन्या देवळाच्या सभामंडपात याने ड्रोन घातला. आतल्या काळोखात वटवाघळं होती, हे त्याला ड्रोन आत गेल्यावर कळलं. नवरी किंचाळत पायऱ्यांवरून पळाली, पुजाऱ्याने हातातला तांब्या फेकला, आणि गावातल्या चार म्हाताऱ्यांनी बन्सीधरला वेशीपर्यंत पोचवलं. घरी येऊन मला सांगितलं काय, तर "शूटिंग लय नॅचरल झालं, दाजी." मी कपाळाला हात लावला आणि तसाच बराच वेळ राहू दिला.

मग आमच्या वैष्णवीचं लग्न ठरलं. वैष्णवी माझी एकुलती एक मुलगी. जावई महारुद्र, जिंतूरकडचा, शेती-औषधांचं दुकान आहे, मुलगा शांत आहे. सोयरीक ठरली तशी दुसऱ्या दिवशी बन्सीधर जाकीट घालून हजर. "भाचीचं लगीन म्हंजी माझंच काम," म्हणाला. "आतला-बाहीरचा सगळा ड्रोन माझ्याकडं." मी तिथल्या तिथे सांगितलं, बाहेर काय धिंगाणा घालायचा तो घाल, हॉलमध्ये ते यंत्र आणायचं नाही. वैष्णवी मध्ये पडली. "पप्पा, मामाला नाही म्हणू नका ना." ती लहान असताना बन्सीधर तिला खांद्यावर बसवून चुडाव्याच्या स्टेशनावर गाड्या दाखवायला न्यायचा. मी रोज गाडीवर असायचो, मला कधी जमलं नाही. त्यामुळे त्या एका बाबतीत माझं तोंड बंद होतं, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

आता इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगावी लागेल. लग्न लागताना नवरीच्या आईने बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने तुळशीपाशी मांडवाकडे पाठ करून बसायचं, तुळशीला पाणी घालत राहायचं, आणि वाजंत्री वाजेपर्यंत मागे वळायचं नाही. का, ते कुणाला सांगता येत नाही. जिने पोरीला वाढवलं तिनेच तेवढं बघायचं नाही. ही रीत ज्याने काढली त्याला मुलगी नसणार, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कोकिळेपुढे रीतीविरुद्ध ब्र काढायची सोय नाही. तिच्या आईने पाळली, ती पाळणार.

मग आईच्या बाजूचं त्या वेळी पोरीजवळ कोण असतं? मामा. मामाने तिला मांडवात आणायचं आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. बाप असतो, पण बाप पाहुण्यांच्या गराड्यात. पाठीमागची जागा मामाची.

म्हणून कोकिळेने एक दिवस बन्सीधरला जेवायला बोलावलं. ताटात आवडीचं सगळं वाढलं, आणि तो जेवत असताना त्याच्यासमोर बसली. मी पलीकडे पेपर वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो.

"बन्सी," ती म्हणाली, "मला काई बघता येणार न्हाई. माय असती तर ती बघितली असती. आता माझ्याकडचा तूच हायस. तू माझ्या जागी उभा राहा. अष्टकं संपोस्तर पोरीच्या मागून हलायचं न्हाई. आईच्या येळंला जे झालं ते झालं, मी कधी काढलं न्हाई. पण एवढं एक कर."

बन्सीधरचा घास हातातच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी लगेच येतं, त्यावर जाऊ नये. "तुझ्या गळ्याची आण, आक्का. जागचा हललो तर नावाचा बन्सीधर न्हाई."

"आणि ड्रोन?" मी पेपरामागून विचारलं.

"दोन्ही हुतंय की, दाजी. उभा राहून बी उडवता येतंय. काम हाताला असतंय, पायाला काय?"

मी तेव्हाच उठून ते यंत्र ओट्यावर ठेवून वरवंट्याने फोडायला हवं होतं, असं वाटून गेलं. पण कोकिळा हसली होती. ती भावासाठी हसली की मी पेपर पुढे ओढतो, आमच्या घरात हे वर्षानुवर्षं असंच चाललंय.

लग्नाच्या दिवशी सकाळी परण्याला महारुद्र घोड्यावर बसून मारुतीला गेला आणि बन्सीधरचा ड्रोन वरून फिरला. ते ठीक झालं, खोटं कशाला बोलू. पाहुणे खूश झाले. मुलाकडच्या लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, "मामा, हॉलमधी पण पाहिजे बरं का," म्हणाले, आणि झालं. थाप पाठीवर बसली ती थेट डोक्यात गेली.

कार्यालय पूर्णेच्या बाहेरच्या रस्त्याला होतं. वर पत्रा, पत्र्याखाली ताणून बांधलेलं गुलाबी-पांढरं सॅटिनचं कापड, खिडक्यांवर जाड पडदे, कारण एसी आपल्यालाही परवडतो असं दाखवायची मालकाला हौस. एसी दोनच, आणि तेही मालकाच्या ऑफिसात. बाकी पंखे. मी बन्सीधरला स्टेजपाशी गाठलं आणि म्हणालो, "पंखे बंद पाहिजेत म्हणाला होतास ना?"

त्याने पंखे बंद करायला लावले. आत एवढी माणसं आणि बाहेर वैशाख. लोकांनी असा आरडाओरडा केला की पंखे लगेच सुरू झाले. "चालतंय," बन्सीधर म्हणाला. पात्यांची जाळी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "ती फोटूत येती, दाजी. काढून ठेवली." छत किती खाली आहे ते दाखवलं तर म्हणाला, "कापडच हाय, पत्रा थोडाच लागणार हाय?" म्हणजे ज्या नियमांवर त्याने माझं घड्याळ फोडलं होतं ते सगळे त्याने एकेक करून स्वतःच्या हाताने मोडले. रेल्वेत असा माणूस असता तर पहिल्याच महिन्यात त्याची बदली सायडिंगला झाली असती, आणि तीही बंद पडलेल्या.

वेळ झाली. कोकिळा बाजूच्या खोलीत तुळशीच्या कुंडीपाशी पाठ करून बसली. जाताना तिने बन्सीधरकडे बघितलं, त्याने मान हलवली. मामाचा फेटा डोक्यावर, वैष्णवीचा हात धरून तो तिला घेऊन आला. तोवर सगळं व्यवस्थित. अंतरपाट धरला. मुलाच्या मागे मुलाचा मामा कट्यार घेऊन सिग्नलच्या खांबासारखा ताठ उभा. वैष्णवीच्या मागे बन्सीधर, गळ्यात पट्ट्याने लटकवलेला रिमोट, आणि दोन्ही आंगठे काड्यांवर. नजर पोरीकडे नव्हती, वर होती.

पहिलं मंगलाष्टक झालं. ड्रोन लोकांच्या डोक्यावर भणभण करत होता. वर झालेल्या माना, वर धरलेले मोबाइल, आणि खाली हातातल्या अक्षता विसरलेली माणसं. भटजींचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. दुसरं मंगलाष्टक सुरू झालं आणि लाइट गेली.

पूर्णेत लाइट जाणं ही काही बातमी नाही. त्यासाठी कार्यालयाला जनरेटर असतो, तो सुरू करायला माणूस असतो, आणि तो माणूस नेमका जेवायला बसलेला असतो. पडद्यांमुळे आत संध्याकाळसारखं झालं. ड्रोन आंधळा झाला. बन्सीधरने मला शिकवलं होतं तसाच तो वाट्टेल तिकडे सरकू लागला, आणि त्याला वाटलं स्टेजकडे जावं. बायका ओरडल्या. कुणीतरी लेकरू उचललं. मी ओरडलो, "बन्स्या, माणसाच्या डोक्यावरून काढ ते!"

त्याने काढलं. सरळ वर नेलं. स्टेजच्या वरच्या कापडापर्यंत गेलं आणि पुढचं काम छताने केलं. ड्रोन वर ओढला गेला, सॅटिन पात्यांत गुंडाळलं गेलं, टर्रकन फाटलं, आणि ते यंत्र नवरा-नवरीच्या वर, फाटक्या गुलाबी कापडात, तोंड खाली करून लटकलं. पाती थांबली. लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

कुणाला काही लागलं नाही. तिथे देवाने लक्ष घातलं असेल, नाहीतर वरून पडलेलं पातं कुणाच्या डोळ्यात गेलं असतं. एवढ्यावर भागलं म्हणून माणूस गप्प उभा राहील की नाही? भटजी थांबले नव्हते, मुहूर्त टळत होता म्हणून त्यांनी तिसरं मंगलाष्टक उचललं. लाइट आली. आणि बन्सीधर वैष्णवीच्या मागून स्टेजवरून खाली उडी मारून शिडी शोधायला पळाला.

मी बघत होतो. स्टेजच्या कडेला उभा होतो, बघत होतो, आणि मला वाटत होतं की आता येईल, आता तरी मागे वळेल. कार्यालयाच्या गोदामाकडून त्याचा आवाज येत होता, "शिडी कुठाय? अवो मॅनेजर, शिडी!" वैष्णवीने एकदा मागे वळून बघितलं. फक्त एकदा. मग मान सरळ केली. ती जागा बापाने घ्यायची नसते, नाहीतर मीच जाऊन उभा राहिलो असतो. मुलाच्या मामाने माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. ते त्या माणसाचं सौजन्य. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि त्या सगळ्या आवाजात गोदामाच्या दारातून अजून शिडीच चालू होती.

मला त्याचा इतका राग आला की मला स्वतःची मुलगी हार घालताना दिसली नाही.

पुढे तो शिडी घेऊन आला, लोकांनी जेवणाच्या पंगती धरल्या, आणि याने वर चढून ड्रोन असा उतरवला की जणू पोर विहिरीतून काढलंय. मग बाजूच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो. कोकिळा तुळशीपाशी उभी राहिली होती, डोळे पुसत. "लागलं आक्का, लगीन लागलं," तो म्हणाला.

"तू होतास ना मागं?"

"होतो की. कुटं जाईन?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वैष्णवी आईला भेटायला आत आली आणि तिने मला डोळ्यांनीच दटावलं. नंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पप्पा, आईला सांगू नका. मामा येडा हाय." मुलगी सासरी निघाली होती, तिचं ऐकलं. तिथल्या बायकांनीही कोकिळेला काही सांगितलं नाही. लग्नघरी लोक नको तेवढं बोलतात, पण कधी कधी अचूक गप्प बसतात, हे कबूल करायला पाहिजे.

खरी गंमत पुढे. ड्रोनची पाती गेली होती, पण कॅमेरा चालूच होता. तोंड खाली करून लटकल्या लटकल्या त्याने सगळं लग्न वरून काढलं. अंतरपाट, भटजींचं टक्कल, दोघांची डोकी, पडणाऱ्या अक्षता, सगळं एकदम स्थिर, न हलता. हलणार कसं, हलवणारा शिडीसाठी भांडत होता! बन्सीधरने तो व्हिडिओ संगीत लावून सगळीकडे पाठवला. पूर्णेतल्या हॉटेलांत, बस स्टँडवर, लग्न ठरलेल्या घरांत. "मुद्दाम छताला लावून ठेवलं, मंग हात सोडून दिला," असं तो लोकांना सांगू लागला. लोकांनी डोळे विस्फारले. अख्ख्या जिल्ह्यात असा टॉप शॉट कुणाकडे नाही म्हणाले. त्याच्या व्हिजिटिंग कार्डांवर त्यातलाच एक फोटो छापून आला. यंत्र फसतं, कापड फाटतं, माणूस पळून जातो, आणि त्याचं जे उरतं त्याला आपल्याकडे कला म्हणतात.

एका रविवारी तो तेच घेऊन आमच्या घरी आला. मोठ्या पडद्याचा नवा टॅब घेतला होता. "आक्का, तू बघितलंच न्हाईस ना लगीन? आता बघ. जाग्यावर बसून बघ. म्हणून तर आणलाय."

मी म्हणालो, "राहू दे, बन्सी. नंतर बघंल ती."

त्याला कळलं नाही. मला इतका वेळ वाटत होतं की हा खोटं बोलतोय, आणि तिच्यासमोर हे लावायचं धाडस कसं करतोय. मग लक्षात आलं की याला धाडस वगैरे काही लागत नव्हतं. याने तो व्हिडिओ शंभरदा बघितला असेल, रंग नीट केले असतील, शेवटी शिडीचं टोक दिसायला लागतं तेवढं बरोबर कापून टाकलं होतं, आणि मधलं काही त्याला दिसलंच नव्हतं.

कोकिळेने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला. टॅब मांडीवर घेतला. मंगलाष्टकं सुरू झाली तशी तिने हात जोडले. पोरीचं लग्न ती पहिल्यांदा बघत होती. वरून वैष्णवीचं डोकं, मुंडावळ्या, समोर अंतरपाट, पलीकडे महारुद्र, त्याच्या मागे त्याचा मामा. कोकिळा बघत राहिली. मग तिने बोट पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही.

"बन्सी, पोरीच्या मागं कुणी न्हाई."

"हां, ते... ते मधलं हाय."

"तू कुटं हायस?"

बन्सीधर वाकला आणि पडद्यात बघितलं. अक्षता पडत होत्या. मुलाकडच्या मामाच्या फेट्यावर पडत होत्या, वैष्णवीच्या मागे सतरंजीवर पडत होत्या. "मी कसा दिसंल, आक्का?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मी तर उडवायलो ना. उडवणारा दिसत नसतोय."

कोकिळेने व्हिडिओ शेवटपर्यंत चालू दिला. वाजंत्री थांबली तेव्हा तिने चष्मा काढला, टॅब उचलून त्याच्या हातात दिला, आणि मी ऐकलेल्या तिच्या आवाजांतला सगळ्यात साधा आवाज लावून म्हणाली, "मला बघायची मुभा न्हवती रे. तुला होती."

मग ती आत चहा टाकायला गेली. बन्सीधर टॅब धरून बसून राहिला.